माजी सैनिकाची रुग्णपत्रिका

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. १९४९ पासून चालत आलेल्या या प्रथेनुसार शाळा, कचेऱ्या आणि बाजारपेठांतून निधी गोळा होतो, छोटे ध्वज छातीवर लावले जातात आणि दुसऱ्या दिवशी सर्व व्यवहार पूर्ववत सुरू होतात. पुढे १४ जानेवारीला माजी सैनिक दिन येतो. करिअप्पा १९५३ साली याच तारखेला लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झाले, त्याची ही आठवण. जिल्ह्याच्या ठिकाणी या दोन्ही दिवशी सत्काराचे कार्यक्रम होतात. माजी सैनिकाला उरलेले ३६३ दिवस मात्र सत्काराची नव्हे, तर मोडलेली कंबर, उडालेली झोप आणि कानांत सतत घुमणारा आवाज यांवरील उपायांची गरज असते. त्यासाठी तो आपल्यापैकी कोणाच्या तरी दवाखान्याची किंवा औषधालयाची पायरी चढतो. तो पायरी चढतो तेव्हा आपण त्याला काय विचारतो आणि त्याच्या हाती काय देतो, याविषयी सभासद वैद्यांपुढे आणि औषधालयचालकांपुढे काही विचार मांडण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

कोकण आणि फौज

देवगड म्हटले की बाहेरच्या माणसाला हापूस आठवतो. परंतु या किनारपट्टीने आंब्याच्या पेट्यांइतकीच नियमितपणे माणसेही बाहेर पाठविली आहेत. कोणी मुंबईच्या गिरणीत गेला, कोणी गोदीत आणि कोणी पलटणीत. आपल्याच तालुक्यातील विजयदुर्ग हा आंग्र्यांच्या आरमाराचा एक मोठा आधार होता आणि १७५६ साली तो पडेपर्यंत या समुद्रावर त्यांचा दरारा होता. पुढे कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत कोकणातील मराठा आणि महार तरुण मोठ्या संख्येने भरती झाले. दापोलीला आजही लोक ‘कॅम्प’ म्हणून ओळखतात, ते तेथील लष्करी छावणीमुळे. निवृत्त शिपायांची ती वसाहतच होती. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर १८८६ नंतर तेथे राहिले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसक’ लिहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही १८९४ मध्ये सैन्यातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीतच होते. त्याच सुमारास महारांची लष्करभरती बंद झाल्याने या समाजाच्या हातचे उत्पन्नाचे आणि शिक्षणाचे एक मोठे साधन गेले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा हा दरवाजा खऱ्या अर्थाने पुन्हा उघडला.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर १९४४ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नाईक यशवंत घाडगे माणगावकडचे, म्हणजे कोकणचेच. जिवंतपणी परमवीरचक्र स्वीकारणारे रामा राघोबा राणे आपल्याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, कारवारजवळच्या चेंडिया गावी जन्मले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग आणि अडथळे त्यांनी जखमी अवस्थेत, सलग तीन-चार दिवस जवळजवळ विश्रांती न घेता दूर केले. ही नावे अभिमानाने घ्यावीत अशी आहेत. वैद्याने मात्र त्यांच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहिले पाहिजे. अशा दिवसांचा हिशेब शरीर ठेवून घेते आणि वीस-तीस वर्षांनी तो मांडते.

शास्त्राने आपले स्थान कोठे सांगितले आहे?

सैनिक आणि वैद्य यांचे नाते आपल्या शास्त्राला नवे नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील ३४ वा अध्याय याच विषयासाठी दिला असून त्याचे नावच ‘युक्तसेनीय’ आहे. शत्रू वाट, पाणी, सावली, चारा, अन्न आणि सरपण दूषित करतो, ते वैद्याने ओळखावे आणि शुद्ध करावे, असे तेथे सांगितले आहे. वैद्याचे बिऱ्हाड छावणीत राजनिवासाच्या लगत आणि सर्व साधनांनी सज्ज असावे. विष, शल्य वा रोग यांनी पीडित झालेल्या माणसाला तो ध्वजासारखा दुरून ओळखता यावा आणि त्याच्याकडे निःशंक मनाने येता यावे, असाही त्याचा आशय आहे. वैद्य, रोगी, औषध आणि परिचारक या चतुष्पादांचे विवेचन त्याच अध्यायात पुढे येते, हा केवळ योगायोग मानता येणार नाही.

आज रणभूमीवरील उपचारांची जबाबदारी लष्करी वैद्यकीय सेवेकडे आहे आणि ती ती समर्थपणे पार पाडते. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आणि खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून जे कार्य करीत आहेत, त्याला तोड नाही. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर उपचारांचा भाग म्हणून पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पुनर्वसन म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण महाराष्ट्रात नाही. तेव्हा आपल्या वाट्याला येणारा सैनिक रणातला नाही. तो फौजेतून घरी परतलेला, ‘पेन्शनीत आलेला’ सैनिक आहे आणि त्याच्यासाठी आपण ध्वजासारखे ओळखू येतो का, हा प्रश्न आहे.

रिकामा राहिलेला रकाना

शिपाई सामान्यतः १५ ते २० वर्षांची नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. कारकुनाच्या निवृत्तीशी त्याच्या निवृत्तीची तुलना होत नाही. त्याचे वय तरुणाचे असते, पण सांधे साठीतल्या माणसाचे असू शकतात. गावात सारे त्याला ‘मेजर’ म्हणतात आणि त्याची पेन्शन, कॅन्टीन कार्ड आणि कडक प्रकृती यांचा थोडा हेवाही करतात. दवाखान्यात तो कमी बोलतो. दुखणे सांगणे हा त्याच्या लेखी तक्रार करण्याचा प्रकार असतो. आपणही नाव, वय, व्यवसाय ‘शेती’ अथवा ‘आंबा बागायत’ असे लिहून नाडीला हात घालतो. वीस वर्षांचा इतिहास रुग्णपत्रिकेबाहेर राहतो.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सांगितलेल्या दशविध परीक्षेत सात्म्य, सत्त्व आणि व्यायामशक्ती यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. माजी सैनिकाच्या बाबतीत ही तीनही स्थाने सेवेचा इतिहास विचारल्यावाचून समजत नाहीत. आनूप देशात जन्मलेला हा माणूस राजस्थानच्या जांगल देशात राहिला, हिमालयात राहिला आणि पुन्हा आनूप देशात परतला. पाठीवर भार घेऊन दीर्घ अध्वगमन, पहाऱ्याचे रात्रिजागरण, ताफा थांबेपर्यंत करावे लागणारे वेगधारण, मोहिमेवरील विषमाशन ही सारी वातप्रकोपाची कारणे आपण परीक्षेत पाठ करून लिहिली. ती सर्व एकाच माणसाच्या आयुष्यात एकवटलेली पाहायची असतील, तर पायदळातला निवृत्त नाईक पाहावा. त्याची गृध्रसी, संधिगतवात, अर्श आणि विबंध ही चार वेगवेगळी दुखणी समजून चार पुड्या बांधणे म्हणजे मूळ सोडून फांद्यांना पाणी घालणे होय.

यासाठी रुग्णपत्रिकेत एक रकाना वाढवावा, अशी माझी पहिली सूचना आहे. त्यात पाच प्रश्न पुरेत: कोणत्या दलात आणि कोणत्या कामावर होता? कोठे कोठे राहिला? कोणती इजा अथवा शस्त्रक्रिया झाली? सेवेत असताना वैद्यकीय श्रेणी खाली आली होती काय? आज कोणती औषधे चालू आहेत?

या पाच प्रश्नांची उत्तरे चिकित्सेची दिशा बदलतात. तोफखान्यातील माणसाचा कर्णनाद हा केवळ वातज म्हणून तेलाचे थेंब टाकून भागविण्याचा विषय नाही. स्फोटांच्या आवाजाने श्रवणशक्ती कायमची उणावलेली असू शकते, त्यामुळे श्रवणतपासणी आधी करून घ्यावी. वाळवंटात वर्षे काढलेल्याच्या कटिशूलात मूत्राश्मरीचा विचार करावा. सियाचीनवर १९८४ च्या ‘मेघदूत’ मोहिमेपासून आपले सैनिक उभे आहेत आणि हिमदंशाने बोटे गेलेली किंवा बधिर झालेली माणसे कोकणातल्या गावांतही असू शकतात. सुश्रुताचार्यांनी अग्निकर्माच्या अध्यायात शीताने दग्ध झालेल्यासाठी स्निग्ध-उष्ण उपचार सांगितले आहेत, हे खरे. परंतु ज्या पायाला स्पर्शज्ञान नाही, त्यावर नाडीस्वेद वा गरम वालुकापोट्टली देताना रुग्णाच्या ‘भाजत नाही’ या शब्दावर विसंबणे म्हणजे फोड आणि व्रण यांना आमंत्रण आहे. पायावर स्वेद देण्यापूर्वी वैद्याने उष्मा आपल्या हाताने पारखावा. मधुमेह जोडीला असेल तर स्वेद टाळावाच.

निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष

आपल्या विद्येला सर्वाधिक वाव या काळात आहे आणि आपले सर्वाधिक दुर्लक्षही येथेच होते. पलटणीत बिगुलावर उठणारा, धावणारा, ठरल्या वेळी जेवणारा माणूस एका तारखेनंतर अचानक मोकळा होतो. व्यायाम थांबतो, आहार मात्र तोच राहतो; किंबहुना घरच्या भाताने आणि पाहुणचाराने वाढतो. दोन वर्षांत मेद साठतो आणि पुढे प्रमेह, रक्तदाब यांची वाट मोकळी होते. सवय मोडायची ती एकदम नव्हे, पादांशाने मोडावी, हा चरकोक्त क्रम अशा माणसासाठीच सांगितला आहे की काय असे वाटते. व्यायाम कमी करायचा असेल तर तो टप्प्याटप्प्याने करावा आणि आहारही त्याच मापाने उतरवावा. याउलट, फौजेतून आल्या आल्या चाळिशीत आंब्याच्या कलमावर चढून झेल्याने आंबे काढू लागणारा, जांभ्या दगडाच्या कातळावर पेट्या वाहणारा माणूसही आपल्याकडे येतो. जुन्या कंबरेला त्याने नवा भार दिलेला असतो. फवारणीच्या हंगामात श्वास, नेत्रदाह आणि त्वग्विकार घेऊन येणाऱ्याला फवारणी करताना नाक-तोंड झाकतोस का, एवढे विचारले तरी निम्मे निदान होते.

शरीरापेक्षा कठीण प्रश्न मनाचा असतो. ज्याने काश्मीरमधील वा ईशान्येकडील दीर्घ तैनात पाहिली, १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेतील शांतिसेनेचे दिवस पाहिले किंवा १९९९ चे कारगिल पाहिले, त्याला फटाक्याच्या आवाजाने दचकणे, दुःस्वप्ने, चिडचिड आणि एकांतप्रियता यांचा त्रास होऊ शकतो. घरात ‘तो पहिल्यापासून तापट आहे’ असे म्हणून हे झाकले जाते. त्याची पत्नी अम्लपित्तासाठी आपल्याकडे येत असते. तिच्या अम्लपित्ताचे निदान कधी कधी त्याच्या झोपेत दडलेले असते. सत्त्वावजय ही आपल्या शास्त्राने सांगितलेली स्वतंत्र चिकित्सा आहे, पण तिला वेळ द्यावा लागतो, आणि दहा मिनिटांच्या तपासणीत तो मिळत नाही. शिरोधारा, अभ्यंग, निद्राजनन द्रव्ये यांचा उपयोग अवश्य करावा. मात्र आत्मघाताचे विचार बोलून दाखविणाऱ्या रुग्णाला ब्राह्मी-जटामांसी देऊन घरी पाठविणे हा अपराध ठरेल. त्याला त्याच दिवशी मानसरोगतज्ज्ञाकडे, सोबत माणूस देऊन पाठवावे. शासनाची १४४१६ ही टेलिमानस सेवा २०२२ पासून सुरू आहे. हा क्रमांक प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावण्यास खर्च येत नाही.

औषधालयचालकांसाठी

आता थोडे कटू लिहिणे भाग आहे. माजी सैनिक वैद्याकडे येण्याआधी पुष्कळदा औषधालयात जातो, आणि तेथे त्याला काय मिळते यावर पुढचे बरेच काही ठरते.

पहिली गोष्ट आसव-अरिष्टांची. फौजेत मद्य सहज उपलब्ध असते आणि काहींना त्याचे व्यसन जडते. दारू सोडण्याच्या प्रयत्नात असलेल्या माणसाला भूक लागावी म्हणून द्राक्षासव वा शक्तीसाठी दशमूलारिष्ट देणे म्हणजे विझत्या निखाऱ्यावर फुंकर घालणे होय. या कल्पांत स्वयंजात मद्यांश असतो. तो डायसल्फिरामची गोळी घेत असेल, तर हा मद्यांश त्याला थेट धोका पोहोचवू शकतो. अशा वेळी क्वाथ, चूर्ण अथवा वटी यांचा पर्याय सुचवावा. तसेच दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, तर दोन-तीन दिवसांत कंप, भ्रम आणि झटके येऊन प्राणावर बेतू शकते. त्याला रुग्णालयातच न्यावे लागते.

दुसरी गोष्ट सांधेदुखीच्या गुग्गुळाची. योगराज आणि महायोगराज ही नावे एकमेकांशी मिळतीजुळती आहेत, परंतु महायोगराजात नागभस्मासह अनेक भस्मे आणि रससिंदूर असते. ‘नेहमीचा योगराज संपला आहे, हा अधिक चांगला’ असे सांगून तो वर्षभर देत राहणे योग्य नव्हे. ज्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असते, ती चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. ज्याला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्याला गुग्गुळकल्प आणि ज्याला रक्तदाब आहे त्याला महिनोन्‌महिने यष्टिमधू देण्यापूर्वी वैद्याला विचारावे. आणि कोणतीही चालू गोळी ‘बंद करा, आमचे औषध पुरे’ असे काउंटरवरून कधीही सांगू नये.

तिसरी गोष्ट भरतीच्या मुलांची. पहाटे देवगड-जामसंडे रस्त्यावर धावणारी मुले आपण सारे पाहतो. त्यांना उंची, छाती आणि वजन वाढवायचे असते आणि हाती वेळ थोडा असतो. उंची वाढविण्याच्या औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व चमत्कारिक उपचार कायद्याने मनाई आहे. शरीराची उंची हा विषय त्या कायद्याच्या अनुसूचीत स्पष्टपणे नोंदलेला आहे. तरीही असे फलक कोठे ना कोठे दिसतात. वजन वाढविणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड असू शकते, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? गरीब घरातील मुलाची भरतीची आशा हे विक्रीचे साधन करू नये. त्याला दूध, उडीद, खजूर, झोप आणि सरावाचा क्रम सांगणारा दुकानदार तोट्यात जाणार नाही. त्या घराचा तो कायमचा विश्वासू होईल.

‘हे आपले काम आहे काय?’

काही सहकारी म्हणतील की, माजी सैनिकाला शासनाचे पुष्कळ साह्य आहे. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना २००३ पासून चालू आहे, समान पद समान निवृत्तिवेतनाचा निर्णय २०१५ मध्ये झाला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे; मग आपण वेगळे काय करावयाचे? आक्षेपात तथ्य आहे. परंतु आरोग्य योजनेची पॉलिक्लिनिके देशभरात चारशेहून थोडी अधिक आहेत, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यालाही एक येत नाही. गुडघा दुखतो म्हणून आडगावातला सत्तरीचा सुभेदार दर पंधरवड्याला एस.टी.ने इतका प्रवास करणार नाही. तो जवळच्या वैद्याकडेच येणार. संरक्षण खात्यालाही आपल्या शास्त्राचे वावडे राहिलेले नाही. २०२२ मध्ये ३७ छावणी रुग्णालयांत आयुर्वेद केंद्रे सुरू करण्याचा निर्णय झाला. आता हे काम आपले आहे की नाही, हा वाद उरत नाही; ते आपण नेटके करतो की ढिसाळपणे, एवढेच ठरायचे आहे.

याहून मोठा प्रश्न पुढे आहे. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार भरती झालेल्या अग्निवीरांपैकी कमाल २५ टक्के सैन्यात कायम होतात. इतरांनी चार वर्षांनी सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी परतायचे, अशी रचना आहे. त्यांना निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि अंशदायी आरोग्य योजनाही नाही. योजना योग्य की अयोग्य, हा वाद येथे घालायचा नाही. तथापि पंचविशीच्या आत परतणाऱ्या या तरुणांची दुखावलेली कंबर आणि गुडघा पुढील चाळीस वर्षे त्यांच्या स्वतःच्या खिशातून सांभाळला जाणार आहे, एवढे तरी वैद्यवर्गाने ओळखले पाहिजे. त्यांच्यापाशी कार्ड नसेल आणि छातीवर पदके नसतील. त्यांचा सेवेचा इतिहास आपण विचारला नाही, तर दुसरे कोणी विचारणार नाही.

संघटनेपुढे तीन सूचना

पहिली: वर सांगितलेला पाच प्रश्नांचा रकाना संघटनेने छापून सर्व सभासदांना द्यावा. दुसरी: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या सहकार्याने देवगड, कणकवली, मालवण अशा तालुक्यांच्या ठिकाणी वर्षातून दोन तपासणी शिबिरे घ्यावीत. त्यांत औषधविक्री नसावी, श्रवण, रक्तदाब आणि रक्तशर्करा यांची तपासणी असावी आणि वीरपत्नी व सैनिकांच्या वृद्ध मातापित्यांनाही बोलवावे. सावंतवाडीच्या भाईसाहेब सावंत आयुर्वेद महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना या कामी जोडून घेतले, तर नोंदींचे संकलनही होईल. आज आपल्यापाशी अनुभव आहेत, पण आकडे नाहीत; आकड्यांवाचून आपले म्हणणे कोणी ऐकणार नाही. तिसरी: अग्निवीर म्हणून सेवा करून परतलेल्या तरुणांना तपासणी शुल्कात सवलत देण्याचा ठराव वार्षिक सभेत मांडावा.

आणखी एक गोष्ट सर्वांना आजच करता येईल. सेवाकाळातील इजेमुळे आलेल्या अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी लष्करी वैद्यकीय मंडळाची कागदपत्रे लागतात, आपला दाखला तेथे चालत नाही. म्हणून असा रुग्ण आला, तर त्याचे डिस्चार्ज बुक आणि जुने वैद्यकीय कागद जपून ठेवण्यास सांगावे आणि सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता चिठ्ठीवर लिहून द्यावा. त्या एका ओळीने कधी कधी कोणत्याही कल्पाहून अधिक गुण येतो.

सभासदांनी या सूचनांवर आपली मते, विशेषतः विरोधी मते, संपादक मंडळाकडे अवश्य पाठवावीत. वार्षिक सभेपूर्वी ती हाती आली, तर ठरावाचा मसुदा नेटका करता येईल.

— एक सभासद वैद्य, देवगड